मालकाचं ऐकेना, काम थांबवेना: गॅलेक्सी-१५ चं प्रकरण

५ एप्रिल २०१० रोजी, सोमवारी, गॅलेक्सी-१५ या दूरसंचार उपग्रहाने आपल्या मालकाच्या आज्ञा ऐकणं बंद केलं. जागतिक वेळेनुसार सकाळचे ९ वाजून ४८ मिनिटं झाली होती, आपल्याकडे दुपारचे सव्वातीन. उपग्रह इंटेलसॅट कंपनीचा. जागा विषुववृत्तावर १३३ अंश पश्चिम रेखांश, म्हणजे खाली प्रशांत महासागर, पण काम सगळं उत्तर अमेरिकेचं. नियंत्रण कक्षातून आज्ञा जात राहिल्या आणि उपग्रह त्यांची दखल घेईना.

उपग्रह निकामी होणं या धंद्यात नवीन नाही. गॅलेक्सी-१५ मात्र निकामी झालाच नव्हता. त्याचे सौर पंख शिस्तीत सूर्याकडे वळत होते, अँटेना पृथ्वीवर रोखलेली होती आणि सी-बँड या वारंवारिता-पट्ट्यातले २४ ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेला सिग्नल वाढवून परत खाली सोडणारे संच, चालू होते. अमेरिकेतल्या केबल कंपन्यांच्या डिशवर चित्र आदल्या दिवशीसारखंच येत होतं. त्या दिवशी तक्रार करणारा प्रेक्षक शोधूनही सापडला नसता. अडचण झाली ती मालकाची आणि थोड्याच दिवसांत शेजाऱ्यांची.

अमेरिकी वृत्तपत्रांनी त्याला 'झॉम्बीसॅट' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव जगभर चाललं. आकाशात भरकटलेलं, ताबा सुटलेलं यंत्र ही कल्पना छापायला बरी. पण कागदपत्रं आणि घटनाक्रम पाहिला की यात भयकथेपेक्षा हिशेबच जास्त सापडतो. कोणाचा सिग्नल कोणाच्या अँटेनात शिरेल, किती अंशांवर, कोणत्या तारखेला, आणि त्या तारखेआधी जमिनीवर काय हलवता येईल, याचा हा हिशेब. म्हणूनच व्यावसायिक भूस्थिर उपग्रहाची सेवा नक्की कशावर उभी असते हे समजून घ्यायला मला याच्याइतकं चांगलं दुसरं प्रकरण दिसत नाही.

उपग्रहाची दोन कामं

गॅलेक्सी-१५ चं उड्डाण १३ ऑक्टोबर २००५ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटवर झालं. बनवला ऑर्बिटल सायन्सेस या अमेरिकी कंपनीने. वजन उड्डाणाच्या वेळी साधारण दोन टन, म्हणजे या जातीत हलकाच. अपेक्षित आयुष्य १५ वर्षं. तो मुळात पॅनॅमसॅट कंपनीसाठी बनला होता. २००६मध्ये इंटेलसॅटने पॅनॅमसॅट विकत घेतली आणि 'गॅलेक्सी' नावाचा सगळा ताफा तिच्याकडे आला.

त्याचं पहिलं काम केबल टीव्हीचं. आपल्याकडे डीटीएचच्या छोट्या डिश गॅलऱ्यांमध्ये लागण्याआधी केबलवाल्याच्या गच्चीवर जाळीच्या भल्यामोठ्या डिश असत, अजूनही असतात. त्या सी-बँडच्या. वाहिनी आपला कार्यक्रम एकाच ठिकाणाहून वर पाठवते, उपग्रह तो खाली अख्ख्या देशावर पसरवतो, गावोगावचे केबलवाले तो डिशवर धरतात आणि पुढे तारेने घरोघर नेतात. अमेरिकेतही व्यवस्था हीच, फक्त केबल कंपन्या मोठ्या आणि त्यांच्या डिशचे अख्खे मळे. वाहिन्या ट्रान्सपाँडर भाड्याने घेतात, बहुतेकदा वर्षानुवर्षांच्या करारांनी.

या व्यवहारात उपग्रह स्वतः फारसं काही करत नाही. सुमारे ६ गिगाहर्ट्झवर जे वर येतं ते सुमारे ४ गिगाहर्ट्झवर उतरवायचं, वाढवायचं आणि खाली सोडून द्यायचं. आत काय आहे, ते कोणी पाठवलं, पाठवणाऱ्याने भाडं भरलंय का, यातलं त्याला काहीच कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढचा सगळा घोटाळा याच भोळेपणातून झाला.

दुसरं काम वेगळ्या जातीचं. गॅलेक्सी-१५ वर एल-बँड या वेगळ्या वारंवारिता-पट्ट्याचा एक छोटा संच बसवलेला होता आणि तो अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनासाठी, म्हणजे एफएएसाठी होता. जीपीएसची चूक विमान उतरवताना चालत नाही. वातावरणाच्या वरच्या थरातून येताना सिग्नल रेंगाळतो, उपग्रहांची घड्याळं किंचित चुकतात. म्हणून जमिनीवर, जागा नेमकी मोजलेल्या केंद्रांचं जाळं ही चूक सतत मोजतं, दुरुस्तीचा संदेश तयार करतं आणि तो भूस्थिर उपग्रहावरून विमानांना पोचवतं. या व्यवस्थेचं नाव डब्ल्यूएएएस. ती २००३पासून अमेरिकेत चालू आहे. तिच्या आधारे वैमानिक महागडी उतरण-यंत्रणा नसलेल्या छोट्या धावपट्टीवरसुद्धा २०० फुटांपर्यंत खाली येऊ शकतो. शिवाय एखादा जीपीएस उपग्रह चुकीचं सांगू लागला तर काही सेकंदांत इशारा देणं हेही तिचंच काम. भारतात हीच सोय 'गगन' नावाने आहे. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून ती उभारली आणि तिचे संच जीसॅट-८, जीसॅट-१० व जीसॅट-१५ या उपग्रहांवर आहेत.

२०१०मध्ये डब्ल्यूएएएसचे दोन आधार होते. १०७.३ अंश पश्चिमेचा अनिक एफ१आर आणि १३३ अंशांवरचा गॅलेक्सी-१५.

सूर्याचा वाटा

३ एप्रिलला सूर्यावरून भारित कणांचा मोठा लोट पृथ्वीच्या दिशेने निघाला. ५ तारखेला सकाळी तो पोचला आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघालं. अशा वेळी पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला, चुंबकीय शेपटाकडून, तापलेले इलेक्ट्रॉन आत फेकले जातात आणि मध्यरात्र ते पहाट या पट्ट्यातल्या उपग्रहांवर आदळतात. गॅलेक्सी-१५ च्या रेखांशावर तेव्हा रात्रीचा एक वाजत आला होता.

त्यात एप्रिलचा पहिला आठवडा. विषुवदिनाच्या आगेमागे काही आठवडे भूस्थिर उपग्रह रोज मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीत जातात. उन्हात असलेल्या उपग्रहाच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन उडत राहतात, त्यामुळे साचलेला ऋणभार काही प्रमाणात निघून जातो. सावलीत ही सोय नाही. गॅलेक्सी-१५ नुकताच सावलीतून बाहेर पडला होता. कुठेतरी भार साचला, ठिणगी पडली आणि त्या ठिणगीने आज्ञा स्वीकारणाऱ्या विद्युत संचाला अशा स्थितीत अडकवलं की तो ना बंद पडला, ना पुन्हा सुरू झाला. पुढे झालेल्या तपासात विद्युतभाराचा असा झटका हेच सर्वात पटणारं कारण ठरलं. त्याच वादळात इतर डझनावारी उपग्रह त्याच कक्षेत होते, त्यांचं असं काही झालं नाही. म्हणजे सूर्याला सगळा दोष देऊन मोकळं होता येत नाही. आज्ञा घेणाऱ्या संचाला अडकायला जागा होती आणि तो आपणहून पुन्हा सुरू होईल अशी लवकरची तजवीज त्यात नव्हती.

१३३ वरून पूर्वेकडे

भूस्थिर उपग्रह स्थिर दिसतो, पण त्याला स्थिर ठेवावं लागतं. सूर्य आणि चंद्र त्याची कक्षा वर्षाला जवळजवळ एक अंशाने तिरपी करत असतात. पूर्व-पश्चिम ओढ वेगळी आणि ती पृथ्वीचीच. विषुववृत्त पूर्ण गोल नाही, किंचित लंबवर्तुळाकार आहे. त्यामुळे भूस्थिर कक्षेत दोन जागा अशा आहेत की मोकळा सुटलेला उपग्रह त्यांच्याकडे ओढला जातो, त्यांना ओलांडून पुढे जातो, परत येतो, आणि असाच वर्षानुवर्षं झुलत राहतो. एक जागा १०५ अंश पश्चिमेला. दुसरी ७५ अंश पूर्वेला. ही ७५ ची रेषा आपल्या अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधून जाते. तिथून डिश थेट दक्षिणेकडे रोखली की ज्या बिंदूकडे तोंड होईल, तो जगातल्या अनेक मेलेल्या उपग्रहांचा येण्याजाण्याचा रस्ता आहे. भारताची ७४ अंशांची महत्त्वाची जागा त्याला लागूनच.

गॅलेक्सी-१५ ला ओढ १०५ पश्चिमेची लागली आणि तो पूर्वेकडे सरकू लागला. सुरुवात फार हळू होती. पहिल्या दोन महिन्यांत मिळून दोन अंश. पण उतार होता आणि वेग वाढत जाणार होता.

ही हळू सुरुवात इंटेलसॅटच्या पथ्यावर पडली. तिने गॅलेक्सी-१२ हा राखीव उपग्रह, तोही ऑर्बिटलचाच, १२३ अंशांवरून १३३ कडे रवाना केला. तो पोचेपर्यंत ग्राहकांची सगळी वाहतूक त्याच बेलगाम उपग्रहावरून चालू राहिली, कारण तो अजून आपल्या जागेपासून फारसा हलला नव्हता. नंतर ती गॅलेक्सी-१२ वर उतरवली. केबल कंपन्यांना डिश हलवाव्या लागल्या नाहीत. बदली उपग्रह त्याच जागी आणून ठेवण्याचं सगळं मोल इथे आहे. देशभरच्या डिश एका बिंदूकडे पाहत असतात आणि तो बिंदू रिकामा ठेवून चालत नाही.

१२ वर्षांपूर्वी याच 'गॅलेक्सी' नावाच्या दुसऱ्या एका उपग्रहाने उलट बाजू दाखवली होती. १९ मे १९९८ रोजी पॅनॅमसॅटचा गॅलेक्सी-४ एकाएकी पृथ्वीवरची नजर हरवून बसला. अमेरिकेतले ८० ते ९० टक्के पेजर गप्प झाले. डॉक्टरांना रुग्णालयातून निरोप मिळेनात, काही पेट्रोल पंपांवर कार्ड चालेनात. तिथे ग्राहकांचे हाल झाले, शेजारी उपग्रहांना मात्र काडीचा त्रास नव्हता. गॅलेक्सी-१५ मध्ये ग्राहक सुखरूप आणि शेजारी धास्तावलेले.

१३१ वरचा शेजारी

पुढचा उपग्रह एएमसी-११. जागा १३१ अंश पश्चिम, मालक एसईएस, म्हणजे लक्झेंबर्गची कंपनी आणि इंटेलसॅटची सर्वात मोठी स्पर्धक. त्याचंही काम केबल वाहिन्या वाटण्याचं, त्यात बऱ्याच एचडी वाहिन्या, आणि वारंवारिता त्याच, चोवीसच्या चोवीस.

उत्तर अमेरिकेवर सी-बँड उपग्रहांमध्ये दोन अंशांचं अंतर ठेवायचा शिरस्ता आहे. कागदावर दोन अंश थोडे वाटतात, पण त्या उंचीवर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर, ते जवळपास १,५०० किलोमीटर भरतात. त्यामुळे टक्कर होईल ही भीती बरीचशी फुकाची होती. दोन्ही उपग्रहांच्या जागा नीट माहीत होत्या आणि त्यातला एक हलू शकत होता. खरं संकट सिग्नलचं. मांडवातला लाऊडस्पीकर चालू आहे, माइक उघडा आहे, आणि बटणं असलेल्या खोलीला कुलूप लावून ऑपरेटर गायब झालाय, अशी ती स्थिती. जवळ कोणीही त्या वारंवारितेवर बोललं की हा ते वाढवून अख्ख्या देशाला ऐकवणार.

थोडं तपशिलात जाऊ, कारण सुटका याच तपशिलातून निघाली. एएमसी-११ कडे कार्यक्रम पाठवणाऱ्या भू-केंद्राची शलाका, म्हणजे सिग्नलचा झोत, अगदी सुईसारखी नसते. तिला रुंदी असते. गॅलेक्सी-१५ त्या रुंदीत आला की तोही तोच कार्यक्रम उचलणार आणि खाली सोडणार. खालच्या डिशची नजर तर आणखी रुंद, चार-साडेचार मीटरच्या डिशची अंशभराच्या आसपास. तिला दोन्ही उपग्रह एकत्र दिसणार. एकच वाहिनी दोन वाटांनी, वेगवेगळ्या उशिराने येऊन एकमेकींवर आदळणार.

खालच्या डिश बदलणं अशक्य होतं. त्या हजारोंनी होत्या, शेकडो मालकांच्या. पण वर पाठवणारी केंद्रं मोजकी होती. गॅलेक्सी-१५ च्या कानावर काही पडलंच नाही तर त्याच्याकडे फेकायला नुसती खरखर उरते. म्हणून उपाय खालून वर जाणाऱ्या बाजूला शोधला गेला. अँटेना जितकी मोठी तितकी शलाका अरुंद. मेरीलँडमधल्या क्लार्क्सबर्ग इथे इंटेलसॅटची १९ मीटरची अँटेना होती. एसईएसने एएमसी-११ ची वाहतूक त्या अँटेनावरून वर पाठवायची व्यवस्था केली. एवढ्या मोठ्या अँटेनाची शलाका सी-बँडमध्ये अंशाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरते. म्हणजे दोन उपग्रह बरेच जवळ आले तरी एकाशीच बोलता येतं.

स्पर्धकाच्या अंगणातली अँटेना वापरून आपल्या ग्राहकांची सेवा चालवायची, हे एरवी कोणत्याही व्यापारी बैठकीत मान्य झालं नसतं. इथे दोन्ही बाजूंना दुसरा रस्ता नव्हता. एसईएसने एएमसी-११ लाही त्याच्या जागेच्या हद्दीत सरकवून अंतर राखलं. नुकताच, २४ एप्रिलला, बैकोनूरहून सोडलेला आपला नवा एसईएस-१ राखीव म्हणून जवळ आणून ठेवला. तो ऑर्बिटलनेच बनवलेला होता, ही यातली गंमत. धोक्याचा काळ साधारण २३ मे ते ७ जून असा काढला होता. तो काळ आला आणि गेला, वाहिन्या चालू राहिल्या.

याला थोडी पूर्वतयारीही होती. नोव्हेंबर २००९मध्ये इंटेलसॅट, एसईएस आणि इनमारसॅट यांनी मिळून स्पेस डेटा असोसिएशन ही संस्था काढली होती. आपापल्या उपग्रहांच्या नेमक्या जागा, वारंवारिता आणि हालचाली एकमेकांना कळवायच्या, हा तिचा हेतू. सरकारी रडार उपग्रह कुठे आहे ते सांगतं, पण तो उद्या कुठे जाणार आहे हे फक्त मालकाला माहीत असतं. गॅलेक्सी-१५ ने ही देवाणघेवाण कामाची आहे हे अगदी वेळेवर दाखवून दिलं.

मारण्याचा प्रयत्न

एएमसी-११ जवळ येण्याआधी इंटेलसॅटने गॅलेक्सी-१५ ला गप्प करायचे सगळे उपाय केले होते. आज्ञा तर दीड लाखांहून जास्त पाठवल्या. ३ मे रोजी वेगळा डाव टाकला. ट्रान्सपाँडरवर जमिनीवरून मुद्दाम अतिशय जोरदार सिग्नल सोडायचा, म्हणजे ते नेहमीपेक्षा जास्त वीज ओढतील, वीजपुरवठ्यावर ताण येईल आणि संरक्षणासाठी उपग्रह ट्रान्सपाँडर बंद करेल. ही वेळ अशी निवडली होती की शेजारी पुरेसा लांब असावा. डाव फसला. उपग्रहाने तो ताणही सहन केला. चांगलं यंत्र बनवल्याचा हा पुरावा त्या दिवशी कोणालाच नको होता.

मग वाट पाहणं उरलं. उपग्रह आपलं तोंड पृथ्वीकडे ठेवतो ते आतल्या फिरत्या चक्रांच्या जोरावर. सूर्यप्रकाशाचा दाब त्याला किंचित वळवू पाहतो, चक्रं वेग बदलून ते वळण स्वतःवर घेतात. पण चक्रांनाही मर्यादा आहे. अधूनमधून छोटे थ्रस्टर, म्हणजे दिशा सावरणारी छोटी इंजिनं, झाडून हा साठलेला भार उतरवावा लागतो आणि ते काम जमिनीवरून व्हायचं. आज्ञाच पोचत नसल्याने चक्रं एक दिवस हात टेकणार, उपग्रह कलणार, सौर पंखांवरचं ऊन जाणार, बॅटरी संपणार. आणि संपूर्ण वीज गेली की सगळे संच, अडकलेला तो संचसुद्धा, बंद होणार. इंटेलसॅटचा आधीचा अंदाज उन्हाळाअखेरचा होता. उन्हाळा गेला, पानगळ गेली, उपग्रह रोखून पाहतोच आहे. तो एकामागून एक शेजारी ओलांडत गेला आणि १३१ वर जे केलं त्याची उजळणी प्रत्येकासाठी होत गेली. वेग वाढल्यामुळे प्रत्येकाजवळचा मुक्काम कमी होत गेला, एवढाच दिलासा. ज्या ओढीने उपग्रह जागेवरून हलवला होता, तिनेच शेजाऱ्यांचा त्रास आटोपता केला.

त्याच उन्हाळ्यात आपल्याकडेही एक प्रकरण झालं होतं. ७ जुलै २०१०ला इन्सॅट-४बी च्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊन त्याचे अर्धे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले आणि सन डायरेक्टच्या डीटीएच ग्राहकांचे पडदे काळे पडले. सेवा मलेशियाच्या मीसॅट-३ वर हलवली. पण तो उपग्रह वेगळ्या रेखांशावर, त्यामुळे घरोघरच्या डिश फिरवाव्या लागल्या. गॅलेक्सी-१२ सारखा राखीव उपग्रह त्याच जागी आणून ठेवता येणं आणि न येणं यात फरक काय पडतो, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसतं.

विमानांचं काय झालं

केबलची वाहतूक गॅलेक्सी-१२ ने उचलली, पण त्याच्यावर एल-बँडचा संच नव्हता. एफएएला बदलीच नव्हती.

इथे तो हट्टी उपग्रहच उपयोगी पडला. एफएएने त्याच्याकडे दुरुस्तीचे संदेश पाठवणं चालू ठेवलं आणि तो ते इमानेइतबारे खाली पोचवत राहिला. मालकाचा ताबा नसलेल्या, रोज थोडा सरकणाऱ्या उपग्रहावरून विमान वाहतुकीची सुरक्षा-सेवा महिनोन्‌महिने चालली. हे ऐकायला धाडसाचं वाटतं, पण डब्ल्यूएएएसची रचना संशयी आहे. संदेश आला नाही किंवा शंकास्पद आला तर विमानातला संच लगेच त्यावरचा विश्वास काढून घेतो. सिग्नल जाणं ही गैरसोय, चुकीचा सिग्नल येणं हा धोका, असा तिचा हिशेब. गॅलेक्सी-१५ कधीतरी जाणार हे ठरलेलं होतं. तो गेल्यावर मुख्य फटका वायव्य अलास्काला बसणार होता, कारण तिथून अनिक एफ१आर क्षितिजाखाली. उरलेल्या देशात सेवा राहणार होती, पण एकाच खांबावर.

एफएएने मिळालेला वेळ सत्कारणी लावला. इनमारसॅटच्या ९८ अंश पश्चिमेवरच्या उपग्रहावरचा संच नोव्हेंबरमध्ये कामाला लावला. डिसेंबरच्या मध्यास गॅलेक्सी-१५ ची पृथ्वीवरची नजर अखेर सुटली तेव्हा दुसरा खांब उभा होता.

मला या प्रकरणातला सर्वात मोठा दोष इथेच वाटतो आणि त्याबद्दल त्या वेळी फार थोडं लिहिलं गेलं. सगळं लक्ष १३१ वरच्या वाहिन्यांकडे होतं, तर राष्ट्रीय विमान वाहतुकीची एक सेवा दोन भाडोत्री संचांवर उभी होती आणि त्यातल्या एकालाही राखीव जोडीदार नव्हता. व्यावसायिक उपग्रहावर सरकारी संच चढवणं स्वस्त पडतं, स्वतंत्र उपग्रह बांधावा लागत नाही, म्हणून हा मार्ग निवडतात आणि ते योग्यच आहे. पण कंपनी बदली उपग्रह आणते तो आपल्या मोठ्या ग्राहकांसाठी. चढवलेल्या संचाचा पाहुणा त्यात धरलेला नसतो. पुढे डब्ल्यूएएएसमध्ये उपग्रहांची संख्या वाढवण्यात आली. 'गगन'मध्ये तीन उपग्रहांवर संच आहेत, त्याचंही महत्त्व यावरून लक्षात यावं.

२३ डिसेंबर

बॅटरी पूर्ण रिकामी झाली, संच विझले, मग पंखांवर कुठूनतरी ऊन आलं आणि २३ डिसेंबर २०१० रोजी आज्ञा घेणारा संच नव्याने सुरू झाला. इंटेलसॅटच्या आज्ञेला उत्तर आलं. ट्रान्सपाँडर बंद केले, उपग्रहाला सुरक्षित स्थितीत आणलं. तोवर तो तीस अंशांहून जास्त सरकून १०५ चा तळ ओलांडून गेला होता.

भंगार समजून त्याला वरच्या कक्षेत ढकलून देता आलं असतं. इंटेलसॅटने त्याला ९३ अंशांवर थांबवून तपासलं. एवढ्या उपासमारीनंतर बॅटरी आणि बाकीचे संच शाबूत निघाले. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती घातली, आणि त्याच घराण्यातल्या इतर उपग्रहांमध्येही. २०११मध्ये तो १३३ वर परतला आणि पुन्हा कामाला लागला, डब्ल्यूएएएसच्या कामालाही. झॉम्बीची बातमी पहिल्या पानावर आली होती, या परतीची फारशी कोणी छापली नाही.

ऑगस्ट २०२२मध्ये आणखी एका चुंबकीय वादळात त्याचा ताबा पुन्हा सुटला. या वेळी त्याची १५ वर्षं उलटून गेली होती. डब्ल्यूएएएसची जबाबदारी दुसऱ्या उपग्रहांनी आधीच घेतली होती. बहुतेक वाहिन्या गॅलेक्सी-२३ वर हलवल्या गेल्या आणि ८ ऑक्टोबरला फाल्कन-९ रॉकेटवरून गॅलेक्सी-३३ त्याच १३३ अंशांच्या जागेसाठी निघाला. तो आधीपासूनच ठरलेला होता. शेजाऱ्यांशी बोलणी करायला मात्र इंटेलसॅटला पुन्हा एसईएसच्याच दारात जावं लागणार होतं. ती दोन घरं जुलै २०२५मध्ये एक झाली, एसईएसने इंटेलसॅट विकत घेतली.